सीटची जवारी

आमच्या लॅबमध्ये एक काळी रबरी चकती आहे. जेवणाच्या ताटाहून थोडी लहान, बोटभर जाड, मधे किंचित फुगीर. मागे-पुढे, डावी-उजवी आणि वर-खाली अशा तिन्ही दिशांचा कंप मोजणारा सेन्सर तिच्या पोटात असतो. गाडीच्या सीटवर ही चकती ठेवायची, चिकटपट्टीने पक्की करायची आणि ड्रायव्हरने तिच्यावर बसून गाडी चालवायची. माणसाच्या बुडाशी नेमकं काय पोचतंय ते ती सांगते. जे पोचतंय ते कमी करणं हे गेली सोळा वर्षं माझं काम आहे. गाड्यांच्या धंद्यात या खात्याला एनव्हीएच म्हणतात. नॉइज, व्हायब्रेशन, हार्शनेस. आवाज, थरथर आणि हादरे.

तीन सिलिंडरची गाडी सिग्नलला उभी असते तेव्हा इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे घेत असतं. दर फेऱ्याला दीड स्फोट धरले तर सेकंदाला २० होतात. हे २० हर्ट्झ इंजिनाच्या माउंटमधून, तळाच्या पत्र्यातून, सीटच्या रुळांतून वर चढतात आणि बसणाऱ्याच्या मांडीत बारीक कापरं भरतं. गिऱ्हाईक टेस्ट ड्राइव्ह घेऊन येतं आणि म्हणतं, "गाडी चांगली आहे हो, पण उभी असताना जरा कापते." त्या 'जरा कापते'पायी आम्ही सहा-सहा महिने घालवतो. माउंटचं रबर बदलून बघतो, सीटच्या फ्रेमला कुठे पट्टी जोडतो, कुठे शंभर ग्रॅम वजन वाढवतो. आकडा खाली आला की त्या दिवशी घरी जाताना बरं वाटतं.

आणि रात्री जेवणं झाली की मागच्या खोलीत जाऊन मी माझ्या स्वतःच्या सीटला थरथर लावत बसतो.

ही सीट गाडीतली नाही. ॲल्युमिनियमच्या चौकोनी पट्ट्यांच्या सांगाड्यावर ती बोल्टने बसवलेली आहे. समोर स्टिअरिंग, खाली पेडल, पुढे मोठा पडदा. रेसिंग सिम्युलेटर. घरात याला सगळे 'रिग' म्हणतात, आणि मुलगी नववीत असल्यामुळे तिच्या अभ्यासाच्या वेळा सोडून रिगची वेळ ठरते. पहिली दोन वर्षं मी त्यावर विनाथरथरीचा चालवत होतो. स्टिअरिंग चांगलं होतं, हाताला ओढ द्यायचं. पुढची चाकं घसरायला लागली की ते हलकं पडायचं, त्यामुळे पुढच्या टायरांशी माझं बोलणं होत होतं. मागची चाकं मात्र मुकी. वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबला गेला की गाडी फिरायची, आणि ती फिरतेय हे मला पडद्यावर दिसायचं तेव्हा उशीर झालेला असायचा. खऱ्या गाडीत असं होत नाही. मागचा भाग सुटायला लागला की डोळ्याच्या आधी कमरेला कळतं. गाडी तुम्हाला खालून बाजूला नेते, आणि ते कमरेला समजण्यासाठी विचार करावा लागत नाही.

हे मला एका माणसाने शिकवलं. आमच्याकडे एक टेस्ट ड्रायव्हर काका होते, आता निवृत्त झाले. आम्ही इंदूरजवळ पीथमपूरला, नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राच्या ११.३ किलोमीटरच्या हायस्पीड ट्रॅकवर मोजमापं घेत होतो. गाडी ताशी १२०ला स्थिर होती, मी बाजूच्या सीटवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो होतो. दुसऱ्या फेरीत काका म्हणाले, "मागचं डावं बघ. वजन पडलंय." माझ्या पडद्यावर तेव्हा रेषांचं जंगल होतं. थांबून बघितलं तर मागच्या डाव्या रिमवरचा बॅलन्सिंगचा शिशाचा तुकडा खरंच गेलेला. लॅपटॉपवर मागे जाऊन शोधलं तेव्हा १७ हर्ट्झच्या आसपास एक लहानसं शिखर सापडलं. त्या वेगाला चाक सेकंदाला साधारण तेवढेच फेरे घेतं. "काका, डावंच कसं कळलं?" असं विचारलं. ते म्हणाले, "डाव्या कुल्ल्याला कळलं." आणि चहा प्यायला गेले.

मी पुढे किती दिवस त्या वाक्याचा विचार करत होतो. लाखो रुपयांचे सेन्सर जे रेषांत सांगत होते ते या माणसाचं शरीर नाव घेऊन सांगत होतं. शरीरात याची सोय आहेच. फिलिप्पो पाचिनी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाला एकोणिसाव्या शतकात त्वचेखालच्या भागात कांद्याच्या पाकळ्यांसारखे थर असलेले बारीक मणी सापडले. (कॉलऱ्याचा जंतू १८५४ साली सूक्ष्मदर्शकाखाली पाहून वर्णन करणारा हाच माणूस.) ते मणी वेगाने होणाऱ्या कंपाला, विशेषतः २००-३०० हर्ट्झच्या पट्ट्यात, फार तल्लख असतात. त्याखालच्या, ३०-४० हर्ट्झच्या फडफडीसाठी त्वचेत दुसरी यंत्रणा. आणि ४ ते ८ हर्ट्झच्या वर-खाली हेलकाव्याला अख्खं बसलेलं शरीरच सगळ्यात जास्त दाद देतं. माणसाला बसणारे हादरे मोजण्याचं आयएसओ २६३१ हे प्रमाण याच गोष्टीवर उभं आहे. थोडक्यात, बसलेला माणूस हे एक कान असलेलं अंग आहे. माझ्या रिगवर मी त्या कानात बोळा घातला होता.

सीट जुन्या बाजारातली. पुण्याच्या मंगळवार पेठेत रविवारी गेलो, तीन तास फिरलो, आणि भंगारात निघालेल्या एका हॅचबॅकची ड्रायव्हरची सीट घेऊन आलो. कापड फाटलेलं, पण फ्रेम शाबूत. घरी आणून खालचा जाड फोम काढला आणि त्याजागी पातळ, कडक थर घातला. हे मनाविरुद्धचं काम होतं. फोम हा आमच्या धंद्यातला सगळ्यात स्वस्त आणि इमानी नोकर, थरथर पिऊन टाकणं हेच त्याचं काम. इथे तोच अडसर होता.

थरथर देणाऱ्या वस्तूला बास शेकर म्हणतात. मुळात तो स्पीकरच, फक्त कागदी कोन नसलेला. तारेचं वेटोळं आणि चुंबक तेच, पण हवा ढकलायच्या ऐवजी आतलं वजनदार चुंबक मागे-पुढे होतं आणि त्याच्या धक्क्याने डबी ज्याला बोल्टने जोडलेली असेल ते हलतं. मोबाइलमधल्या किंवा गेमच्या हँडलमधल्या जुन्या पद्धतीच्या मोटरपेक्षा हे फार वेगळं. तिथे एका बाजूला जड असलेलं चाक फिरतं, म्हणून जोर वाढवायचा तर वेगही वाढतो, दोन्ही एकाच दोरीला बांधलेले. शेकरमध्ये किती जोरात आणि किती वेगाने हे वेगवेगळं ठरवता येतं. तिकडे अमेरिकेत ड्रमर आपल्या स्टुलाखाली हे लावून बसतात. कानात मॉनिटर घातले की बास ड्रमचा धक्का अंगाला लागत नाही, तो असा खालून परत आणायचा. मला ही माहिती फार आवडली होती. तिचा पुढे उपयोग होणार आहे हे तेव्हा कळलं नव्हतं.

चार शेकर घेतले, ४ ओहमचे, ५० वॅटचे. दोन सीटच्या फ्रेमला डावी-उजवीकडे, दोन पेडलच्या पाटीखाली. तपकीर गल्लीतून वायरी, जॅक आणि चार वाटांचं साऊंड कार्ड आणलं, दोन लहान क्लास-डी ॲम्प्लिफायर मागवले. सिम्हब नावाचा प्रोग्रॅम मधे बसतो. गेम सेकंदाला कितीतरी वेळा चाकांचा वेग, सस्पेन्शनची हालचाल, टायरची घसरण, इंजिनाचे फेरे हे आकडे बाहेर देतो. हा प्रोग्रॅम ते वाचतो आणि प्रत्येकाची लाट करून हव्या त्या शेकरला पाठवतो. बाकी जोडणीत सांगण्यासारखं काही नाही, एक संध्याकाळ पुरली.

दुसऱ्या रात्री एक शेकर सैल झाला. नट फिरत फिरत शेवटच्या आट्यावर आला होता. आडव्या कंपाने कसलेला नट स्वतःहून सुटतो हे गेरहार्ड युंकर या जर्मन इंजिनिअरने १९६९ साली दाखवलं, आणि त्याच्याच नावाची चाचणी आम्ही ऑफिसात घेतो. मी उठून आतल्या बाजूला नायलॉनचं कडं असलेले नट शोधले, सगळे बदलले आणि मगच झोपलो.

पहिल्या आठवड्यात मी सगळंच चालू ठेवलं होतं. इंजिनाची थरथर, गिअरचा ठोका, रस्त्याचे खड्डे, कडेच्या रंगीत पट्ट्यांची खडखड, ब्रेकला चाक लॉक होणं, मागची घसरण, एबीएस. मुलगी बसली आणि ओरडली, "बाबा, भारी!" भारी होतंच. पण दोन-तीन दिवसांत लक्षात आलं की माझी वेळ सुधारलेली नाही. गाडी पूर्वीसारखीच फिरत होती. सगळं एकदम बोलत होतं, म्हणून काहीच ऐकू येत नव्हतं. शेंगदाणे, चिंच, गूळ, मिरची सगळं मुठीने घातलेल्या आमटीसारखं झालं होतं. इंजिनाच्या घरघरीत मागची घसरण बुडून जात होती.

मग ऑफिसात करतो तेच केलं. सगळं बंद करून एकेक उघडत गेलो. ब्रेकला पुढचं चाक लॉक होणं फक्त पायाखाली. मागची घसरण फक्त सीटखाली, डाव्या चाकाची डावीकडे, उजव्याची उजवीकडे. दोन्हींची वारंवारता एकमेकांपासून लांब, म्हणजे गल्लत होणार नाही. रस्ता त्याहून खाली, २०-३०च्या पट्ट्यात. गिअरला एकच छोटा ठोका. आणि इंजिन पूर्ण बंद. इंजिनाची थरथर घालवणं मला येतं, ते माझ्या हातात बसलेलं आहे.

वेळ सुधारली. मागचं चाक सुटायच्या उंबरठ्यावर आलं की डाव्या मांडीखाली गुणगुण सुरू व्हायची आणि उजवा पाय आपोआप किंचित वर यायचा.

एक गोष्ट मला इथे बराच काळ टोचत होती. खऱ्या गाडीत मागचं टायर घसरताना सीटखाली अशी ४५ हर्ट्झची गुणगुण होत नाही. हे मी पैजेवर सांगतो, कारण ते मोजणं हाच माझा धंदा आहे. खरी गाडी माणसाला बाजूला लोटते. रिग जागची हलत नाही, ती लोटू शकत नाही, म्हणून मी त्या लोटण्याच्या जागी एक खूण ठेवली. मग हे खोटं का? मला तसं वाटत नाही. 'पाऊस' या अक्षरांत पाणी नसतं, तरी शेतकऱ्याला ती वाचून कळतं. शरीर दोन-तीन आठवड्यांत ही खूण वाचायला शिकलं, आणि शिकल्यावर ती वाचतोय हे विसरलं. शरीराचं हे विसरणं मला फार मोलाचं वाटतं.

पण काहीतरी उणं होतं. मागची घसरण कळत होती, रस्ता कळत होता, तरी दोन घटनांच्या मधली सीट निर्जीव लाकूड वाटायची. वेग सुधारला होता आणि मन लागत नव्हतं. या अवस्थेत महिना गेला.

आमच्या खालच्या मजल्यावर शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या बाई राहतात. अख्खी सोसायटी त्यांना बाईच म्हणते. एका संध्याकाळी जिन्यात भेटल्या. "अरे, तुझ्याकडे रात्री साडेदहाला काय चालू असतं? मशीन का?"

मी ओशाळलो. "आवाज येतो का बाई? मी बंद करतो."

"आवाजाचं नाही रे. आवाज मला तसाही आता कमीच येतो. पण माझा तंबोरा बोलायचा."

मला नीट कळलं नाही. त्या म्हणाल्या, ये खाली, दाखवते. मग जे केलं ते मी आमच्या लॅबमध्ये शेकडो वेळा केलंय, पण असं कधी केलं नव्हतं. मुलीला वर रिगवर बसवलं, फोन चालू ठेवला, आणि शेकरमधून एकच सूर २०पासून हळूहळू वर चढवत न्यायला सांगितलं. मी खाली बाईंच्या बैठकीत उभा. कोपऱ्यात भिंतीला टेकून मिरजेचा तंबोरा, गवसणी काढलेला, त्या पहाटे वाजवतात म्हणून लावून ठेवलेला.

"बाबा, पंचवीस." काही नाही. "अठ्ठावीस." काही नाही. "एकतीस." शोकेसमधले काचेचे पेले एकमेकांना लागून किणकिणू लागले. मी काचेवर तळवा ठेवला, पूर्ण कपाट थरथरत होतं. स्लॅबची स्वतःची वारंवारता, म्हणजे ज्या कंपाला स्लॅब सगळ्यात जास्त हलतो ती, तिथे कुठेतरी होती. मी वहीत ३१ लिहिलं. बाई म्हणाल्या, "हे रोजचं आहे, याचं काही नाही. पुढे जाऊ दे." मुलगी पुढे गेली. पन्नास, सत्तर, नव्वद. खोली शांत. पंख्याचा आवाज तेवढा. बाई तंबोऱ्याजवळ खाली बसल्या आणि डोळे मिटून गाल भोपळ्याच्या वरच्या लाकडाला टेकवला.

"शंभर. एकशे दोन. एकशे तीन."

बाईंनी हात वर केला. "थांब म्हणावं."

"एकशे चार," फोनमधून मुलगी म्हणाली.

मी वाकून बघितलं. चौथी तार, खरजाची म्हणजे खालच्या 'सा'ची, जाड पितळी, कडेने अस्पष्ट झाली होती. मधोमध तिची एक रेषा न राहता बारीक पट्टी दिसत होती. कान जवळ नेला तेव्हा आवाज आला, फार लांबून कोणीतरी ओंकार धरावा तसा. वरच्या मजल्यावरून, सांगाड्यातून, फरशीतून, स्लॅबमधून, भिंतीतून उतरत आलेला माझा कंप त्या तारेला तिचं नाव घेऊन हाक मारत होता, आणि ती ओ देत होती.

"काळी चार," बाई म्हणाल्या. "आधी पाचात गायचे. वय झालं, चारात आले."

मी मनात हिशोब केला. काळी चारच्या, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या, षड्जाचा खरज १०४ हर्ट्झच्या अगदी जवळ येतो. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३१०० फेऱ्यांच्या आसपास असताना त्याचे स्फोटही सेकंदाला तेवढेच. म्हणजे सुरुवातीच्या त्या आठवड्यात माझं इंजिन ३१००वरून जाईल तेव्हा बाईंचा खरज बोलत असणार. मी म्हटलं, "पण बाई, महिना झाला मी ते इंजिन बंद केलंय."

"हो, महिनाभर नाहीच बोलला. मला वाटलं, विचारावं काय झालं ते."

मग चहा झाला. बाईंनी तंबोरा मांडीवर घेतला आणि मला जवारी दाखवली. तारा ज्यावर टेकतात त्या घोडीवर प्रत्येक तारेखाली सुताचा एक छोटा तुकडा असतो. त्यांनी नखाने तो केसभर मागे सारला आणि तार छेडली. सूर आला, पण मिटलेला, लाकडावर बोट आपटल्यासारखा. "ही बंद." मग सूत पुढे आणलं, फार पुढे. तार खरखरली. "ही फार उघडी, कर्कश." मग पुन्हा मागे, जिथे हात थांबला तिथे. तार छेडली आणि त्या एका सुरातून वरचे सूर एकामागून एक उलगडत गेले, पंचम, गंधार, आणखी वर काहीतरी चमकणारं. "तार घोडीच्या उतारावर अशी निसटती टेकते, म्हणून हे होतं. सुताने ते टेकणं मोजून द्यायचं."

दोन वस्तू निसटत्या टेकल्या आणि कंपामुळे एकमेकींना लागत राहिल्या, तर आमच्या खात्यात त्याला 'बझ' म्हणतात. त्याची स्वतंत्र टीम असते. डॅशबोर्डच्या आतली एक क्लिप अशी टेकते आणि बाराशे रुपयांच्या प्लास्टिकपायी गिऱ्हाईक सर्व्हिस सेंटरला चार चकरा मारतं. ती शोधायची, मधे फेल्टचा तुकडा घालायचा, संपवायची. इथे तीच गोष्ट एक बाई नखाने सूत सरकवून मुद्दाम आणत होत्या, आणि ती नसली तर तंबोरा मेलेला. मी काही बोललो नाही. माझ्या डोळ्यांसमोर माझं बंद केलेलं इंजिन होतं.

"गाताना हा ऐकता का तुम्ही?" मी विचारलं.

"ऐकायचा कुठे असतो? त्यात बसायचं असतं. कानाने ऐकू यायला लागला तर जास्त झाला. आणि काढून घेतला तर गाणारा उघडा पडतो."

आधी त्यांच्या पेल्यांचं बघायचं होतं. वॉशिंग मशीनखाली घालतात तसले रबरी तुकडे मी आधीपासून लावले होते आणि त्यांचा उपयोग शून्य होता. कारण साधं आहे. रबर वजनाखाली जितकं दबतं तितकी त्याची स्वतःची वारंवारता खाली जाते, आणि तिच्या साधारण १.४ पटीच्या वर गेल्यावरच ते कंप अडवू लागतं. ते तुकडे वजनाखाली अर्धा मिलिमीटर दबत होते, म्हणजे त्यांची वारंवारता २२च्या आसपास. तिची १.४ पट ३१. ज्या आकड्याला बाईंचे पेले वाजत होते, तिथपर्यंत हे रबर काहीच अडवत नव्हतं. भोसरीतून लहान जनरेटरखाली लावतात ते माउंट आणले, माझ्या आणि रिगच्या वजनाखाली चार मिलिमीटर दबतील असे बघून. आता वारंवारता आठ-नऊवर आली, आणि ३१ला खाली जाणारा कंप दहाव्या हिश्श्यावर. पुन्हा मुलगी वर, मी खाली, काचेवर तळवा. ३१ला पेले गप्प. १०४ला तंबोराही गप्प. बाईंनी दोन वेळा गाल टेकवून खात्री केली. "गेला," म्हणाल्या. त्यांच्या तोंडावर आनंद होता असं मला वाटलं नाही.

त्या रात्री मी इंजिन परत चालू केलं. पहिल्यासारखं नाही. शून्यावरून अगदी सावकाश वर आणत गेलो, जाणवलं की थांबलो, आणि तिथून केसभर खाली आणलं. आता ते आहे की नाही हे विचारलं तर चालवताना सांगता येत नाही. पण गिअर बदलताना क्षणभर तुटतं, तेव्हा ते होतं हे कळतं. त्याच्यावर रस्ता येतो, त्याच्यावर मागच्या चाकाची गुणगुण येते, आणि प्रत्येक गोष्ट आता कशाच्या तरी संदर्भात येते. एक-एक पायरी वर-खाली करत यात तीन रात्री गेल्या. जवळपास प्रत्येक रात्री मला त्या नखाची आठवण होत होती.

नुरबुर्गरिंगचा जुना ट्रॅक, नॉर्डश्लाइफ, २०.८ किलोमीटरचा, आयफेलच्या जंगलातून जाणारा. गेममध्ये तो लेझरने मोजून उतरवलेला आहे, म्हणून त्याचे उंचवटे खरे आहेत. तिथे कारुसेल नावाचं वळण आहे, आतल्या बाजूला काँक्रीटच्या कलत्या खोबणीचं. गाडी त्या खोबणीत उतरते आणि काँक्रीटच्या तुकड्यांचे सांधे चाकांखालून एकेक जाऊ लागतात. पूर्वी ते मला नुसते दिसायचे. आता सीटमधून येतात, आधी पुढच्या चाकांचे पायाखाली, मग लगेच मागच्यांचे मांडीखाली. थड-थड, थड-थड. पहिल्यांदा नीट आले तेव्हा मी जर्मनीत नव्हतोच. मी एक्स्प्रेसवेवर होतो. मुलगी वर्षाची असताना आम्ही दर पंधरवड्याला मुंबईला जायचो, आणि खालापूरच्या पुढे काँक्रीटचे सांधे सुरू झाले की ती मागच्या सीटवर दोन मिनिटांत झोपायची. ताशी शंभरला सेकंदाला सहाएक सांधे. त्या काळात मी ऑफिसात तोच हादरा कमी करायच्या कामावर होतो, आणि प्रवासात तो लागावा म्हणून वाट बघायचो.

त्या कारुसेलमधून बाहेर पडताना मागचं उजवं चाक सुटायला आलं. मांडीखाली गुणगुण आली, पाय वर आला, गाडी सरळ झाली. मी काही केलं असं मला वाटलंच नाही.

परवा रविवारी बाई वर आल्या. पहिल्यांदाच. जिना चढून दम लागला होता, पाणी प्यायल्या, रिगभोवती एक फेरी मारली, स्टिअरिंगला हात लावला नाही. "मला बसता येईल का यात?" मुलीने त्यांना हात धरून बसवलं, पाठीमागे उशी दिली. पडदा काळाच ठेवला.

"ते एकशे चार लाव," बाई मुलीला म्हणाल्या.

मुलीने लावलं. जोर फार कमी, मी इंजिनाला ठेवतो तेवढाच. बाईंनी दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि डोळे मिटले. काही वेळ नुसत्या बसून राहिल्या. मग त्यांनी मुलीला बोटाने खूण केली, अजून थोडं खाली. मुलीने जोर एक पायरी कमी केला. पुन्हा बोट. आणखी एक पायरी. आता मला उभ्या जागी काहीच कळत नव्हतं. मी सांगाड्यावर हात ठेवून बघितला तेव्हा तळव्याला अगदी कडेने लागलं.

बाईंनी श्वास घेतला आणि षड्ज लावला.